शिकवायला आलेल्यांची शाळा

(बारामती येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘फ्रेंच मिशनरी आणि मराठी भाषा’. कार्यवाहांनी मला फोनवर दबकत विचारलं होतं, “बाई, विषय जरा लांबचा नाही का होत?” मी म्हटलं, तुमच्या एमआयडीसीत पियाजिओ आली, फेरेरो आली, इटलीची माणसं भिगवण रस्त्यावर चहा पिऊ लागली, तेव्हा कुणी लांब म्हटलं नाही. फ्रान्स तिथून शेजारीच आहे. (हशा)

शिवाय हे मोरोपंतांचं गाव. पंतांनी एक निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे उच्चारताना ओठांचं काम पडू नये अशा अक्षरांतलं. आता फ्रेंचमध्ये निम्मं काम ओठांचा चंबू करूनच चालतं. पंत माझ्या फ्रेंचच्या वर्गात असते तर तोंडी परीक्षेत मला त्यांचे गुण कापावे लागले असते. (हशा) पंतांबद्दल इथे मी जास्त बोलणं म्हणजे आगाऊपणा होईल, म्हणून पुढे जाते.

माझं एक मत आहे आणि ते मी जिथे जाते तिथे मांडते. माझे जुने विद्यार्थी इथे बसलेत, त्यांना ते पाठ असेल. परक्या मुलखात जो काही शिकवायला, वाटायला, सुधारायला जातो, त्याचं खरं शिक्षण तिथल्या भाषेच्या वर्गात होतं. घरी तो पंडित असतो. इथे आल्यावर त्याला पाणी मागता येत नाही. पाच वर्षांचं पोर त्याचा उच्चार ऐकून फिदीफिदी हसतं. या वर्गात जो निमूट बसला तो पुढे कामाचा निघाला, आणि ज्याने हा वर्ग चुकवला त्याने पुढे हुकूम काढले. आजचं सगळं व्याख्यान या एवढ्यासाठीच आहे. बाकीचा पुरावा.

मराठी शिकलेल्या पाद्र्यांमध्ये फादर स्टीफन्सचं नाव आधी येतं. 1579 साली गोव्यात आलेला हा इंग्रज, 1616 साली छापलेलं त्यांचं ‘क्रिस्तपुराण’, हे तुम्ही शाळेत वाचलेलं आहे. तिकडे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्यांचे वैजनाथ पंडित, 1805चं मराठी व्याकरण, हेही माहीत आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. 1922 साली त्या गेल्या, आणि 1924 साली ते बायबल पुरं छापून निघालं, तेही त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून. केडगाव तुमच्या शेजारच्या दौंड तालुक्यातलं, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणून हे तिघे मी बाजूला ठेवते. ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशा एकापासून सुरुवात करते.

त्यांचं नाव एतिएन द ला क्र्वा. फ्रेंच जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे पाद्री. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात आले, पोर्तुगीजांनी त्यांचं नाव एश्तेव्हांव दा क्रूझ करून टाकलं. 1629 साली त्यांचं संत पीटरवरचं पुराण गोव्यात छापायला लागलं. रोमन लिपीत, पण मराठी ओव्यांमध्ये, हजारो ओव्या. विचार करा. तुकाराम महाराज तेव्हा विशीत होते. पुढे त्यांची पालखी ज्या भाषेची गाणी म्हणत या गावातून जाणार होती, त्या भाषेत फ्रान्समधून आलेला एक माणूस साष्टीकडे बसून ओव्या जुळवत होता.

पण तो मजकूर गोड आहे असं समजू नका. त्या पुराणात हिंदू देवतांवर टीका आहे, आणि ती झणझणीत आहे. मौज अशी की टीका करायची तर आधी वाचायला हवं. म्हणून या माणसाने मराठीतलं पुराण-वाङ्मय आणि संतांची रचना वाचून काढली, आणि तिच्यातली वचनं तो आपल्या ग्रंथात देतो. ही पुस्तकं त्यांना मिळाली कुठून? गोव्यात हिंदूंच्या घरांतून पोथ्या जप्त होत. जेझुइटांनी त्या रोमन लिपीत उतरवून घेतल्या आणि त्यांच्यावर भाषा शिकली. त्यातल्या काही वह्या आज पोर्तुगालमध्ये ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात आहेत. रामायण-महाभारताच्या कथा, कोकणी आणि मराठी. मूळ पोथ्या ज्यांच्या घरातून गेल्या त्यांच्याकडे काही उरलं नाही. जप्त करणाऱ्यांच्या अभ्यासाच्या वह्या मात्र टिकल्या.

(याच सुमारास व्यासपीठावर एक चिठ्ठी आली.)

चिठ्ठी आलीये. वाचून दाखवते. “बाई, धर्मांतराबद्दल काय ते स्पष्ट बोला.” चिठ्ठीवर नाव नाही. (हशा) हरकत नाही. मी टाळणार नव्हते, पण विचारलंत तर आत्ताच बोलते. मी ख्रिस्ती नाही, मिशनऱ्यांची वकीलही नाही. माझ्या घरी देव्हारा आहे आणि आषाढीला मी उपवास धरते, खिचडी जरा जास्तच खाते. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, माणसांचा छळ झाला, देवळं त्याच्याही आधी पाडली गेली. द ला क्र्वा त्याच राजवटीच्या छायेत ओव्या लिहीत होते. हे झाकून ठेवून मला त्यांचं कौतुक करायचं नाही.

पण त्याच गोव्यातली पुढची गोष्ट ऐका, माझा मुद्दा तिच्यातच आहे. 1684 साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं की इथल्या लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावं. हे फर्मान निघावं म्हणून जोर कुणी लावला? फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या पाद्र्यांनी. त्यांच्यावर आरोप होत होता की तुम्ही लोकांची भाषा शिकत नाही, मग तुम्ही कसले गुरू. त्यावर तोडगा निघाला तो असा. आम्ही शिकत नाही, तर लोकांनाच शिकायला लावा! स्टीफन्सने कोकणीचं व्याकरण लिहिलं होतं, ते त्यांच्या मागे 1640 साली छापून निघालं होतं. पन्नास वर्षंसुद्धा झाली नाहीत, तोवर त्याच भूमीवर हुकूम आला की ही भाषाच नको.

जेझुइट आणि फ्रान्सिस्कन, धर्म दोघांचा एक, राजवट एक, चर्च एक. फरक एवढाच की एकाने वर्गात बसायचे कष्ट घेतले आणि दुसरा कष्टांना कंटाळला. चिठ्ठी पाठवणाऱ्या गृहस्थांना माझं एवढंच उत्तर आहे. जबरदस्ती कुठे सुरू होते हे ओळखायचं असेल तर आलेला माणूस शिकणं कधी थांबवतो ते पाहा. गृहस्थ म्हटलं, बाईसुद्धा असतील. अक्षर चांगलं आहे. (हशा)

आता विसाव्या शतकात या. गी दलूरी, फ्रेंच जेझुइट. भारताला स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास तरुणपणी आले, पुण्यात राहून मराठी शिकले. 1956 साली पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने त्यांनी केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद काढला. शिवाय त्यांनी विठोबाच्या उपासनेवर प्रबंध लिहिला, तो डेक्कन कॉलेजने 1960 साली इंग्रजीत छापला. त्यासाठी हा पाद्री वारीत चालला. दिंड्यांचा क्रम, विणेकरी, कोण कुठे चालतं, कुठल्या मुक्कामाला काय होतं, हे त्याने नोंदवून ठेवलं. गळ्यात क्रूस घालणारा माणूस वारकऱ्यांच्या पंगतीत बसला, त्यांना काही सांगायला नव्हे, तर त्यांचं ऐकायला.

तुकोबांच्या पालखीचा रस्ता मी बारामतीत काय सांगणार! बारामतीहून काटेवाडी, तिथे धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, पुढे सराटीला नीरा. या रस्त्यावर दरवर्षी निरनिराळ्या प्रांतांतले, आता परदेशांतलेही, कॅमेरे घेतलेले लोक दिसतात. त्यांच्यापैकी मराठी शिकून आलेला मला एखाद-दुसराच भेटला. फोटो पुष्कळ निघतात. पालखी पुढे जाते, तेही पुढे जातात.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. पाच मिनिटांत आवरते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी पुण्यात नगर रस्त्याच्या बाजूला एका मठात फ्रेंच शिकवायला जायची. मठ कुठला ते राहू द्या. तिथे तरुण सिस्टर होत्या, त्यांना आफ्रिकेत पाठवायचं होतं, चाड आणि मादागास्करला. तिथे सरकारी कामकाज फ्रेंचमध्ये चालतं, म्हणून आधी फ्रेंच. मठात दोघी केरळच्या, एक तमिळ, एक मंगळूरकडची, एक झारखंडची मुंडा मुलगी, आणि एक आपल्या इंदापूर तालुक्यातली, उसाच्या मळ्यातून आलेली. आपापसात बोलायची भाषा इंग्रजी, तीही प्रत्येकीची वेगळी.

मी मदर सुपिरियरना म्हटलं, पुस्तकाने काही होणार नाही, नियम करा. रात्रीच्या जेवणाला टेबलावर फ्रेंचशिवाय दुसरी भाषा चालणार नाही. त्यांनी केला. सुरुवातीची जेवणं मौनव्रतात पार पडली. इंदापूरच्या मुलीला शेंगदाण्याची चटणी हवी असायची, ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला मागता येईना. बी.एड. झालेली मुलगी, वर्गात पहिली, व्याकरणात एक चूक नाही. पण चूक होईल या भीतीने ती आमटीभात तसाच गिळायची आणि मान खाली घालून बसायची.

मुंडा मुलीची गोष्ट वेगळी. ती घरी मुंडारी बोलायची, बाजारात सादरी, शाळेत हिंदी, मठात इंग्रजी. फ्रेंच तिची पाचवी. तिला लाज ठाऊकच नव्हती. ती उभी राहायची, खलबत्त्यात कुटल्यासारखा हात करायची, तोंडाने ठक-ठक आवाज काढायची, आणि जे येईल ते फ्रेंच ठोकून द्यायची. लिंग चुकलेलं, क्रियापद चुकलेलं. सगळ्या हसायच्या, तीही हसायची, आणि चटणी तिच्या ताटात पडायची. मी चूक दुरुस्त केली की ती जेवण संपेपर्यंत ते वाक्य चार वेळा वापरायची. कधी पाणी माग, कधी मीठ, कधी नको असलेलं लोणचंही.

आणि स्वयंपाकघरात होत्या मावशी. हडपसरकडून यायच्या, शाळा तिसरी-चौथीत सुटलेली. सिस्टरांना वाढताना त्यांच्या कानावर सगळं पडायचं. महिन्याभराने मला दिसलं की कुणी फ्रेंचमध्ये पोळी मागितली की मावशी पोळी आणतात, भात मागितला की भात. मग त्यांनी आपला नियम काढला. नुसतं बोट दाखवलं तर वाढायचं नाही. “नीट मागा, बाईंनी शिकवलंय तसं!” इंदापूरच्या मुलीचं तोंड मावशींनी उघडलं, मी नव्हे. मावशींसमोर चुकायला तिला लाज वाटली नाही, कारण मावशीही चुकत होत्या. मावशी “सिल व्हू प्ले”, म्हणजे ‘कृपया’, म्हणताना एक अक्षर खाऊन टाकायच्या, आणि ती मुलगी त्यांना सांगायची, असं नाही मावशी, असं. शिकवता शिकवता ती बोलू लागली. माझ्या सगळ्या नोकरीत मी मावशींइतकी चांगली शिक्षिका पाहिली नाही, आणि त्यांचा पगार माझ्या एका तासाच्या मानधनाएवढा नसेल.

मराठी मुलींना फ्रेंचमधली लिंगं सोपी जायला हवीत खरं तर. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच, म्हणजे सूटच आहे. तरी आपल्या मुली अडतात, कारण शाळेत आपण त्यांना फक्त बरोबर उत्तर द्यायला शिकवलेलं असतं.

मुंडा मुलगी चाडला गेली. तिकडून तिचं पत्र आलं, फ्रेंचमध्येच, अजून लिंगं चुकलेली. तिने लिहिलं होतं की तुमची फ्रेंच जिल्ह्याच्या कचेरीत चालते, दवाखान्यात चालत नाही. दवाखान्यात येणाऱ्या बाया न्गंबाय बोलतात. आता मी ती शिकते आहे, एक बारा वर्षांची मुलगी मला शिकवते आणि खूप हसते. सहावी भाषा! ती चाडला गेली ते औषध द्यायला. आल्या आल्या तिला बसवलं कुठे, तर बारा वर्षांच्या मुलीच्या वर्गात. माझं मत मी तिच्या तोंडून वदवून घेतलंय असं कुणाला वाटेल. वाटू द्या.

(कार्यवाहांनी दुसरी चिठ्ठी ठेवली.)

बघा, पाच मिनिटं म्हटलं होतं. कार्यवाह लिहितात, “दहा मिनिटांत संपवावे, नंतर आभार आहेत.” आभार मानणारे गृहस्थ माझ्यापेक्षा जास्त वेळ घेतात हे मी मागच्या वर्षी श्रोत्यांत बसून पाहिलंय. (हशा, टाळ्या) असो. पण इंदापूरकरांनी मघापासून घड्याळाकडे पाहू नये, त्यांचाच भाग आता येतोय, आणि तो मला घाईत सांगावा लागतोय याचं वाईट वाटतं.

गी प्वातव्हँ. फ्रेंच, धर्मगुरूची दीक्षा घेतलेले, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. 1972 साली पुण्यात येऊन राहिले, 1978 साली भारतीय नागरिक झाले, 2004 साली वारले. देवळात घंटा वाजवायला ते आले नव्हते आणि चर्चमध्ये माणसं वाढवायलाही नाही. हेमा राईरकर या सहकारी विदुषीबरोबर ते मुळशी-मावळ-भोरच्या डोंगरी गावांत संघटनेचं काम करू लागले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बाया सभेत बोलत नाहीत, पण जात्यावर बसल्या की काय काय बोलतात! नवरा, सासू, भाऊ, माहेर, भूक, विठोबा, आंबेडकर, सगळं ओवीत. या दोघांनी आणि त्यांच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी त्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. 1990च्या दशकात ध्वनिमुद्रणही झालं. हा साठा एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे, हजाराहून जास्त गावांतला. तो संगणकावर नीट लावण्यात बर्नार्ड बेल या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाचा वाटा मोठा, आणि आता पारी या संकेतस्थळावर तो कुणालाही ऐकता येतो. त्यात इंदापूर तालुक्यातल्या, निमगाव केतकीच्या बाया गातात. तुमच्यापैकी कुणाची आत्या, कुणाची चुलती त्यात असेल. आज रात्री घरी जाऊन शोधा.

प्वातव्हँनी दया पवारांचं ‘बलुतं’ही फ्रेंचमध्ये नेलं, 1990 साली. पुण्या-मुंबईच्या काही प्राध्यापकांना ओवी ही बायकांची किरकिर वाटत होती त्या काळात हा माणूस गावच्या बाईपुढे वही घेऊन बसला. तिने म्हटलेली ओवी कळली नाही की पुन्हा विचारायचा. त्याचं सगळं शास्त्र या पुन्हा विचारण्यात होतं.

हे सगळे मोठे लोक म्हणून मी सांगत नाही. दलूरी, प्वातव्हँ यांच्या मतांवर वाद होऊ शकतो, व्हावा. त्यांना शिकण्याचं काम कधी संपलंसं वाटलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आपल्याकडे बघू. बारामतीत, इंदापुरात अकरावीला फ्रेंच घेणारी मुलं कमी नाहीत. का घेता विचारलं तर उत्तर ठरलेलं, “मॅडम, स्कोअरिंग आहे.” संस्कृतपेक्षा बरी की वाईट यावर पालकांच्या बैठका होतात. पेपर संपला की भाषाही संपते. फ्रेंचमध्ये शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवलेला मुलगा मला दुकानात भेटतो आणि “बोंझूर” म्हणायला लाजतो. मी माझा धंदाच कापते आहे, पण सांगते, अशी फ्रेंच नाही शिकलात तरी चालेल. हे काम शिक्षकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीच केलंय, असं कुणी मागून पुटपुटलं. ऐकू आलं. उत्तर द्यायला वेळ नाही. (हशा)

दुसरीकडे तुमच्याच गावात बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं एमआयडीसीत पाळ्या करतात. हंगामात भवानीनगरपासून माळेगावपर्यंत उसाच्या फडांत बीडकडची माणसं तोडीला येतात, त्यांची बोलीही आपल्याला अर्धीच कळते. परप्रांतातून आलेल्यांशी आपण बोलतो कोणत्या भाषेत? तुटक हिंदी, तीही मोठ्या आवाजात. मोठ्याने बोललं की समजतं असा आपला समज आहे. त्यांच्यातल्या कुणाला मराठी शिकायची असेल तर या गावात जागा कुठे आहे? आणि आपल्यापैकी कुणाला भोजपुरी, ओडिया ऐकून घ्यायची असेल तर? 1684च्या फर्मानासारखं “इथे राहायचं तर मराठी बोला” असं ओरडणं सोपं आहे. वर्ग काढणं अवघड आहे. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण ती शिकवायची व्यवस्था न करता नुसती सक्ती मागणारे त्या फ्रान्सिस्कनांचेच वारस.

कार्यवाह उभे राहिलेत, म्हणजे आता खरंच संपवायला हवं. माझी मागणी साधी आहे. या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी, नाहीतर नगरपालिकेने, संध्याकाळच्या पाळीनंतर एका शाळेची एक खोली द्यावी. तिथे बाहेरून आलेल्यांना मराठी शिकवायची, आणि शिकवणाऱ्याने त्यांच्या भाषेतलं रोज काहीतरी शिकून घ्यायचं. परीक्षा नाही, गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. फी नाही. शिकवायला पहिली मी येते. मला दुसरी एक शिक्षिका हवी आहे. पदवीची अट नाही. स्वयंपाकघरातल्या मावशी असतील तर फार उत्तम. नावं आज दारात कार्यकर्त्यांकडे लिहून द्या. निनावी चिठ्ठी चालणार नाही.